आई शिकलेली असली, की बाळाला नेमकं काय मिळतं?



लेकरू आजारी पडलं आणि दवाखान्यात न्यावं लागलं, की पहिला बोल आईला बसतो. "इतका उशीर का केलास? कळत नाही का तुला?" आई मान खाली घालून ऐकून घेते. लहान मुलांच्या आजारांवरच्या आमच्या कार्यक्रमात 'शिकलेल्या आयांची मुलं जास्त जगतात' असं एक वाक्य होतं. ते ऐकून एका बचत गटातल्या ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमची लेकरं दगावली ती आम्ही अडाणी म्हणून, असंच ना?"

त्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून आजची सगळी वेळ त्यालाच दिली आहे.

आधी एवढं सांगून टाकतो, की ते वाक्य खरं आहे. जगभरातून त्याला आधार आहे. पण शाळेची पायरी न चढलेल्या आईला माया कमी असते, अक्कल कमी असते, असा त्याचा अर्थ कोणी काढत असेल तर तो साफ चुकीचा आहे. शाळा आईला वेगळंच काहीतरी देते. ते काय, हे शोधायला अभ्यासकांना बरीच वर्षं लागली. आणि ते एकदा कळलं, की ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनाही त्यातलं बरंच मिळवता येतं.

या गोष्टीचा नीट शोध सुरू झाला तो आफ्रिकेत, नायजेरिया नावाच्या देशात. जॉन काल्डवेल नावाचे ऑस्ट्रेलियाचे अभ्यासक तिथे काम करत होते. लोकसंख्या, जन्म, मृत्यू हा त्यांचा विषय. तोवर सगळे असं धरून चालत, की शिकलेली बाई बऱ्या घरात पडते, नवरा कमावता असतो, खायला-प्यायला असतं, म्हणून तिची मुलं जगतात. शिक्षणाचा त्यात फारसा वाटा नाही. काल्डवेल यांनी इबादान शहरातली आणि आसपासची माहिती गोळा करून ताडून पाहिली. नवरा सारखंच शिकलेला, सारखंच काम करणारा, राहणीमान सारखं, अशा घरांतही आई शाळेत गेलेली असेल तिथे मुलं कमी दगावत होती. १९७९ साली त्यांनी हे छापलं आणि अभ्यासकांमध्ये मोठी चर्चा सुरू झाली.

त्याच भागातली दोन खेडी त्यांनी आणि त्यांच्या नायजेरियन सहकाऱ्यांनी तपासली होती. एका खेड्यात दवाखाना आणि डॉक्टर होते, दुसऱ्यात काहीच नव्हतं. बाकी राहणं-खाणं साधारण सारखं. जिथे दवाखाना नाही आणि आईही शिकलेली नाही, तिथलं मूल सरासरी किती वर्षं जगेल हे त्यांनी मापाला धरलं. नुसता दवाखाना मिळाला, पण आई शिकलेली नाही, तर ते आयुष्य २० टक्क्यांनी वाढलं. दवाखाना नाही, पण आई शिकलेली आहे, तर ३३ टक्क्यांनी. आणि दोन्ही असलं तर? २० आणि ३३ मिळून ५३ व्हायला हवेत. पण वाढ निघाली ८७ टक्के!

हा ८७चा आकडा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दवाखाना आणि शिकलेली आई एकमेकींचं बळ वाढवतात, असं तो सांगतो. म्हणून गावात उपकेंद्र नाही, असलं तरी नर्सबाईची जागा रिकामी आहे, औषधं संपलेली आहेत, अशा ठिकाणी नुसतं आईला "तू शीक, तू शहाणी हो" म्हणून चालणार नाही. आईला दोष देऊन कोणाला आपली जबाबदारी झटकता येत नाही, हे त्या फोन करणाऱ्या ताईंनी लक्षात ठेवावं.

आता शाळा आईला देते काय? आपल्याला वाटेल, पुस्तकातले आरोग्याचे धडे. पण चौथी-पाचवीच्या पुस्तकात न्युमोनिया कसा ओळखावा हे कुठे असतं? आणि असलं तरी दहा वर्षांनी, बाळ झाल्यावर, कोणाच्या लक्षात राहतं? काल्डवेल यांचं म्हणणं होतं की फरक धड्यांनी पडत नाही, घरातल्या आणि दवाखान्यातल्या वागण्यानं पडतो.

पुढे त्यांनी आपल्या शेजारच्या कर्नाटकात, खेड्यांमध्ये राहून काम केलं. तिथे जे दिसलं ते आपल्याला नवीन नाही. मूल आजारी आहे हे ठरवायचं कोणी? सासूनं. दवाखान्यात न्यायचं की अंगारा लावून वाट बघायची हे ठरवायचं कोणी? सासूनं, नाहीतर नवऱ्यानं. सुनेला रात्रीच कळलेलं असतं की लेकरू नेहमीसारखं पीत नाही, पण ती बोलत नाही. बोलली तरी तिचं चालत नाही. शिकलेली सून मात्र बोलते. आणि गंमत अशी, की सासूही तिचं ऐकून घेते. "ती शाळेत गेलीये, तिला कळतं दवाखान्यातलं," असं म्हणून सोडून देते. सातवी झालेल्या सुनेला खरोखर काही जास्त कळत असेल किंवा नसेल, पण तिच्या शब्दाला घरात वजन येतं. त्या वजनामुळे एक रात्र वाचते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत एक रात्र फार मोठी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१च्या पाहणीत, महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे २८ मुलं पाच वर्षांच्या आत दगावतात असं दिसलं. त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्या महिन्यातच जातात. (साऱ्या देशाचा आकडा हजारी ४२ आहे. केरळात तो फक्त ५ आहे. तिथे बायकांचं शिक्षण आणि गावोगावचे दवाखाने दोन्ही फार आधीपासून आले. ८७चा आकडा आठवा.)

दुसरी गोष्ट आहे परत जाण्याची. हिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. समजा डॉक्टरांनी औषध दिलं, घरी आलो, दोन दिवस झाले तरी उतार नाही. आता काय करायचं? न शिकलेल्या पुष्कळ आया परत जात नाहीत. त्यांना वाटतं, "तुमच्या औषधानं गुण आला नाही असं कसं म्हणायचं? डॉक्टर रागावतील. त्यांचा अपमान होईल." मग दुसऱ्या कोणाकडे जातात, नाहीतर वाट बघतात. शाळेत गेलेल्या बाईला खुर्चीतल्या माणसासमोर उभं राहून बोलायची थोडी सवय असते. मास्तरांना विचारलेलं असतं, चुकलेलं असतं, पुन्हा विचारलेलं असतं. ती परत जाते आणि सांगते, "उतार नाही पडला." डॉक्टरांना हे समजणं फार गरजेचं असतं, कारण आई परत आली नाही की तेही समजून चालतात, मूल बरं झालं असेल.

नेपाळात झालेला एक अभ्यास तर आमच्या रेडिओचीच परीक्षा घेणारा आहे. रॉबर्ट आणि सारा लेव्हाइन या नवरा-बायकोनं आणि त्यांच्या सोबत्यांनी नेपाळ, मेक्सिको, व्हेनेझुएला आणि झांबिया या चार देशांत आयांचा अभ्यास केला. नेपाळात काठमांडूजवळच्या ललितपूर भागात त्यांनी आयांना रेडिओवरचे आरोग्याचे संदेश ऐकवले आणि विचारलं, "काय सांगितलं यात?" संदेश त्यांच्याच देशाचा आणि कोणालाही ऐकता येईल असा. तरी ज्यांना वाचता-लिहिता बरं येत होतं त्यांना तो जास्त समजला. ऐकायला अक्षरओळख कशाला लागते? लेव्हाइन मंडळींचं उत्तर असं: घरात आपण जे बोलतो त्यात समोर माणूस असतो, त्याचा चेहरा असतो, हातवारे असतात, आधीचं सगळं माहीत असतं. रेडिओवरचा किंवा डॉक्टरांचा आवाज परका असतो, भाषा पुस्तकी असते. असली परकी, कोरडी भाषा ऐकून तिच्यातलं कामाचं उचलणं ही एक सवय आहे आणि ती शाळेत लागते. शाळा सुटून वर्षं झाली तरी ती टिकते. त्याच आयांना मुलाच्या आजाराची हकीकतही क्रमानं सांगता येत होती: आधी काय झालं, मग काय, किती वेळा, काय दिलं.

म्हणूनच आम्ही या कार्यक्रमात 'अतिसार' म्हणत नाही, जुलाब म्हणतो. 'निर्जलीकरण' म्हणत नाही, अंगातलं पाणी कमी होणं म्हणतो. आणि कामाची गोष्ट दोनदा सांगतो, मग कोणी आम्हाला कंटाळवाणं म्हटलं तरी चालेल.

एक उदाहरण घ्या. बाळाला जुलाब लागले की ओआरएसचं पाकीट मिळतं. त्यावर 'एक लिटर पाण्यात विरघळवा' असं लिहिलेलं असतं. ज्या आईला ते वाचता येत नाही आणि कोणी नीट सांगितलं नाही, ती काय करते? थोडी पूड पेल्यात टाकते, उरलेली पुडी बांधून ठेवते. पूड जास्त झाली तर त्या मिठानं बाळाला अपाय होतो. कमी झाली तर उपयोग नाही. म्हणून पाकीट सगळं एकदम फोडायचं. बाजारात पाण्याची एक लिटरची बाटली मिळते, ती धुऊन घ्या आणि तेवढं स्वच्छ पाणी मोजून त्यात सगळी पूड विरघळवा. चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून द्या, दुसऱ्या दिवशी नवीन करा. सोबत झिंकच्या गोळ्या मिळतात त्या १४ दिवस द्यायच्या. २० मिलिग्रॅमची गोळी असेल तर सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पुऱ्या करायच्या. आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

यात अवघड काय आहे? काही नाही. पण एक लिटर, चोवीस तास, १४ दिवस हे आकडे कोणीतरी समजेल असं सांगावे लागतात.

आता एक शंका राहते, आणि ती रास्त आहे. ज्यांना शाळेत पाठवलं जातं त्या मुली मुळातच बऱ्या, समजूतदार घरच्या असतील, मग श्रेय शाळेचं की घराचं? याचं उत्तर आफ्रिकेतल्याच झिंबाब्वे देशात मिळालं. तिथे १९८० साली गोऱ्यांचं राज्य गेलं. त्याआधी काळ्या मुलांना प्राथमिकच्या पुढे जायला फार थोड्या जागा होत्या. नव्या सरकारनं माध्यमिक शाळेची दारं उघडली. तेव्हा ज्या मुलींचं शाळेचं वय होतं त्या पुढे शिकल्या. ज्या त्यांच्याहून थोड्याच मोठ्या होत्या त्यांची संधी हुकली. त्याच गावच्या, त्याच घरांतल्या, बहिणी-बहिणी म्हणा ना. पुढे दोघींना मुलं झाली. शाळा मिळालेल्या वयाच्या बायकांची मुलं दगावण्याचं प्रमाण थोड्या मोठ्या बायकांच्या मुलांपेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी कमी निघालं. इथे घर बदललं नव्हतं, सरकारचा निर्णय बदलला होता.

आणखी एकच आकडा सांगतो. १९७० साली जगात वर्षाला जितकी पाच वर्षांखालची मुलं दगावत, त्यापेक्षा २००९ साली ८२ लाख कमी दगावली. अभ्यासकांनी हिशोब मांडला, तर त्यातली ४२ लाख, म्हणजे निम्मी, बायकांचं शिक्षण वाढल्यामुळे वाचली. लस, औषधं, पैसा हे सगळं उरलेल्या निम्म्यात. बापाच्या शिक्षणाचाही उपयोग होतो, तेही सांगायला हवं. २०२१ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बारा वर्षं शिकलेल्या आईच्या मुलांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी दिसले आणि तितक्याच शिकलेल्या बापाच्या मुलांत १७ टक्क्यांनी. तेव्हा दवाखान्यात बोल लावायचाच असेल तर बापालाही लावा की!

इथवर ऐकून कोणी म्हणेल, "आमचं शाळेचं वय गेलं. आमच्यासाठी काय?"

मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचा छोटा देश आहे. १९८० साली तिथे पाच महिने साक्षरतेची मोहीम चालली. शहरातली हजारो तरुण पोरं-पोरी खेड्यांत जाऊन राहिली, दिवसा शेतात मदत करायची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवायची. पुढे अभ्यासकांनी तीन प्रकारच्या आया पाहिल्या: लहानपणी शाळेत गेलेल्या, मोठेपणी या वर्गांत शिकलेल्या, आणि अजिबात न शिकलेल्या. मोठेपणी शिकलेल्यांची मुलं न शिकलेल्यांच्या मुलांपेक्षा कमी दगावत होती. त्या काही पदवीधर झाल्या नव्हत्या, थोडंफार लिहा-वाचायला शिकल्या होत्या. बचत गटात वही लिहायला शिकलेल्या, बँकेत जाऊन सही करणाऱ्या, साहेबाला प्रश्न विचारणाऱ्या आपल्या बाया आठवा. त्यांनाही हेच शिक्षण मिळालेलं आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रात तर याहून पुढचं काम झालेलं आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि आरोग्याचं काम गावातल्याच बायकांच्या हाती दिलं. त्यातल्या कितीतरी जणींना सही येत नव्हती. काही जणींना तर गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. त्या आठवड्याला जमायच्या, ऐकायच्या, पाठ करायच्या, गावात जाऊन सांगायच्या, आणि तिथली बालमृत्यूची संख्या झपाट्यानं खाली आली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन तान्ह्या बाळाला तपासत, वजन करत, ऊब देत, गरज पडली तर औषध देत. तिसऱ्या वर्षी पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. आज आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, ती पद्धत या कामातूनच पुढे देशभर गेली. ज्या घरी आशाताई यापैकी एखाद्या दिवशी आल्या नाहीत, त्यांनी निरोप पाठवून बोलवावं. त्यात संकोच कसला?

मग गटानं काय करायचं? आमच्या मते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात उपयोगाचं हे, की आजारी लेकराच्या आईला एकटीला दवाखान्यात पाठवू नका. बोलायची सवय असलेली गटातली एक जण सोबत जाऊ द्या. जाण्याआधी दोघींनी मिळून हकीकत जुळवून घ्या: कधीपासून, दिवसातून किती वेळा, लघवी होते का, दूध ओढतं का, काय काय औषध दिलं. औषधाच्या रिकाम्या पुड्या आणि माता-बाल कार्ड बरोबर घ्या. दुसरं, लेकराच्या आजारासाठीचं कर्ज महिन्याच्या बैठकीची वाट न बघता द्यायचं, असा ठराव वहीत लिहून ठेवा. तिसरं, या विषयाची बैठक असेल तेव्हा सासवांना आवर्जून बोलवा. सुनेला कितीही शिकवलं आणि सासूला काहीच सांगितलं नाही, तर घरी गेल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

आणि पोरींचं. गावातली शाळा सातवीला संपते आणि तिथेच पोरीचं शिक्षण संपतं, हे आपण सगळ्या बघतो. शाळेत जाणाऱ्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण एसटी शाळेच्या वेळेला येत नसेल तर पास काय करायचा? तो अर्ज आगारात गटाच्या नावानं द्या, एकट्या बापाच्या अर्जाला कोणी विचारत नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. शाळा सुटली की लग्न, लग्न झालं की सतरा-अठराव्या वर्षी बाळंतपण, आणि इतक्या कोवळ्या आईचं बाळ कमी वजनाचं होण्याची भीती जास्त.

दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायचे, ते आज सगळ्याजणी पाठ करून ठेवा: "किती दिवसांत उतार पडला पाहिजे? आणि नाही पडला, तर कधी परत आणू?" मधल्या काळात बाळ दूध ओढेनासं झालं, झटके आले, अंग गार पडलं, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जायला लागला, किंवा जागंच होईना, तर सांगितलेल्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच वेळी १०८ ला फोन लावायचा.

बाळाचे श्वास कसे मोजायचे हे पुढच्या मंगळवारी दुपारी आशाताई स्वतः सांगणार आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त असतील तर लगेच दवाखाना. ऐकायला बसताना मिनिट दाखवणारं घड्याळ किंवा मोबाइल जवळ ठेवा, आणि घरात शांत झोपलेलं लेकरू असेल तर त्याच्याजवळच बसा, म्हणजे ऐकता ऐकता मोजून बघता येईल.